तिसरा रकाना

६ फेब्रुवारी

आत्या,

घे, लिहिलं पत्र. अख्ख्या मजल्यावर पेन मागत फिरलो, तेव्हा एकाने विचारलं, "राजीनामा देतोयस का?" फोन उचलून "काय ते कागदावर लिही" म्हणून खाली ठेवणारी आत्या नशिबात असल्यावर दुसरं काय करणार!

बातमी चांगली आहे. मला नवीन मॉडेलच्या विभागात घेतलं. पाचवा मजला, खिडकीशेजारचं टेबल. खिडकीतून समोरच्या कंपनीची भली मोठी जाहिरात दिसते. सहा वर्षांत त्यांनी तिसरी नवी गाडी आणली. आणि आपण? तुम्ही कारखान्यात जिला लाडाने ठमी म्हणता, ती गाडी सतरा वर्षांची झाली. नाक तीनदा बदललं, अंग तेच. बाकीच्या तीन गाड्या म्हणजेही ठमीच. एक ओढून लांब केलेली, एक उंच केलेली, एक मागून कापलेली. चारही गाड्यांना दारं एकच. गिऱ्हाईक काय आंधळं आहे?

मार्चअखेर संचालक ठरवणार आहेत. एक तर संपूर्ण नवी गाडी, नाहीतर ठमीला चौथ्यांदा नवं नाक. नवी आली तर ती तुमच्याच कारखान्यात बनेल. नाही आली, तर तुमची दुसरी शिफ्ट वर्षभरात बंद आणि पहिली त्याच्या मागोमाग. हे मी तुला सांगितलं असं कुठे बोलू नकोस. नव्या गाडीच्या बाजूने कागद तयार करायचं काम माझ्याकडे आहे.

परवा सभेत पहिल्यांदा बोललो. आपल्या माणसांचा हात किती तयार आहे हे सांगायला तुझ्याच कामाचे आकडे दाखवले. डावं मागचं दार, अकरा वर्षं, दोष शून्य. चक्क टाळ्या पडल्या गं! माझी आत्या आहे हे मी सांगितलं नाही, पण छाती अशी फुगली की शर्टाचं बटण धोक्यात होतं.

तुझा,
शेपूट


१५ फेब्रुवारी

प्रिय शेपूट,

अक्षर अजून कोंबडीचे पायच. एवढं शिकून काय उपयोग?

पत्र का, ते ऐक. फोनवर तू हो हो हो म्हणतोस आणि तिकडे दुसरंच काहीतरी वाचत असतोस. मला काय कळत नाही? कागदावर लिहिलं की खाली सही करावी लागते, मग माणूस जरा जपून बोलतो. माझी सही प्रत्येक दाराच्या तपासणी-कागदावर असते. माझ्या हातून वाकडं दार गेलेलं नाही आणि जाणारही नाही.

टाळ्या पडल्या म्हणतोस? पडायलाच हव्यात. दार बसवणं म्हणजे काय चार बोल्ट आवळणं वाटतं का लोकांना? बिजागऱ्यांवर चढवायचं, मग फट बघायची. मोजपट्टी बाकीच्यांना, मी करंगळीचं नख फिरवते. मग खाली गुडघा, वर खांदा, रबरी हातोडीचे दोन टोले योग्य जागी, की दार असं मिटतं की आतल्या माणसाला कळूही नये. याला हातगुण म्हणतात. माझ्या हाताखाली सहा जणी तयार केल्यात मी.

आणि ठमीला म्हातारी म्हणायचं काम नाही. सतराव्या वर्षी कुणी म्हातारं होतं का? मी पंचावन्नची आहे, अजून जिना दोन दोन पायऱ्या चढते. समोरच्या कंपनीच्या गाड्या म्हणजे नुसता भपका. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी ठमी विकून त्यांची एक निळी गाडी आणलीय. जिन्यात भेटल्या की नजर चुकवतात. चुकवू देत. चार वर्षांपूर्वी मीच भरीला घालून त्यांना ठमी घ्यायला लावली होती. आता मला न विचारता विकली, तर मीही विचारायला जाणार नाही.

तू नव्या गाडीचं बघ. कारखाना बंद पडता कामा नये. अकरा वर्षं दोष शून्य देणाऱ्या माणसांच्या तोंडाला पानं पुसायची नाहीत, हे सांग त्यांना माझ्या नावाने.

तुझी,
आत्या


२७ फेब्रुवारी

आत्या,

मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

कालच्या सभेत हिशोबवाले साहेब उठले आणि माझाच तक्ता पडद्यावर लावला. तुझं डावं मागचं दार. म्हणाले, "अकरा वर्षं एकही दोष नाही. याचा अर्थ दारांचे साचे अजून ठणठणीत आहेत. चांगले साचे भंगारात टाकून नवी गाडी कशाला? नाक बदला, सीटचं कापड बदला, झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून बोलायला गेलो तर म्हणाले, "आकडे तुमचेच आहेत ना?"

मी त्यांना परोपरीने सांगितलं. दार तेच राहिलं तर त्यात बाजूने धडक सोसणारी जाड पट्टी बसत नाही. समोरच्यांच्या दारात बसते. काचेची उंची तीच, म्हणून आतून गाडी अंधारी. शोरूममध्ये गेलो होतो. तिथला विक्रेता गिऱ्हाइकाला आपल्या गाडीचं दार लावू देत नाही, अदबीने स्वतः लावतो. मी विचारलं तर म्हणाला, "सहा महिने उभ्या राहिलेल्या गाडीचं दार लावायला एक ढब लागते साहेब. गिऱ्हाइकाने लावलं तर आवाज येतो. मग ते समोरच्या दुकानात जाऊन त्यांचं लावून बघतात आणि तिथेच बसतात." वर रेडिओही मोठ्याने लावून ठेवतो.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. साचे बनवणाऱ्यांच्या पुस्तकात लिहिलंय की एवढे लाख पत्रे दाबले की साच्याची कड झिजते. आपण त्याच्या तिप्पट दाबलेत. मग दोष शून्य कसा? मी साचे मोजायची परवानगी मागितली. उत्तर आलं, लाइनवरून तक्रार नाही, मोजायचं कारण नाही.

आत्या, रागावू नकोस. ते दोन टोले तू कधी मारतेस? अधूनमधून, की प्रत्येक दाराला?

शेपूट


४ मार्च

तुझं ते खिडकीशेजारचं टेबल तुलाच लखलाभ असो. माझ्या कामावर संशय घ्यायला तुला कारखान्याच्या फाटकातून मीच बोटाला धरून आत नेलं होतं का? सहा वर्षांचा होतास, दाराची फट म्हणजे काय ते माझ्याकडूनच शिकलास. मला परत असले प्रश्न लिहून पाठवू नकोस.

आत्या


१२ मार्च

प्रिय शेपूट,

तुझं उत्तर आलं नाही. बरोबरच आहे, मी वाट कुठे ठेवली होती? हे पत्र तू नीट बसून वाच.

रविवारी मी शिवणवाल्या बाईंकडे गेले. राग आला होता तुझा, तो त्यांच्यावर काढायचा होता. दार उघडल्या उघडल्या म्हटलं, "ठमीत काय कमी होतं ते सांगा." त्या बिचाऱ्या मशीनवरचं कापड उगीच सारखं करत बसल्या. मग म्हणाल्या, "गाडी चांगली होती हो. पण वर्षभराने मागच्या डाव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून शीळ ऐकू यायला लागली. पावसात पाणी यायचं. तीनदा दुरुस्तीला दिली. तुमच्या हातचं दार, तुमचं मन मोडवेना, म्हणून सांगितलं नाही." तीन वर्षं ती बाई मागच्या सीटवर टॉवेल ठेवून फिरली, माझ्यासाठी!

खाली येऊन त्यांच्या त्या निळ्या गाडीच्या दारावर नख फिरवलं. वरपासून खालपर्यंत एकसारखी फट. एका बोटाने ढकललं तरी दार मिटलं. टोला नाही, काही नाही. साच्यातून आलं तसं बसवलेलं दार होतं ते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. प्रत्येक दाराला. अकरा वर्षं, एकूण एक दाराला.

वरचा कोपरा साच्यातूनच बाहेर येतो. पहिल्या वर्षी केसभर यायचा, आता अडीच मिलिमीटर. कागदावर दोनच रकाने आहेत, 'बरोबर' आणि 'दोष'. दोषवर खूण केली की लाइन थांबते आणि आमच्या सुपरवायझरला जाब द्यावा लागतो. त्याला आम्ही घड्याळ म्हणतो, कारण तो माणसाच्या तोंडाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघतो. तर पहिल्यांदा कोपरा वर आला तेव्हा मी म्हटलं, त्यात काय, मी बसवते. दोन टोल्यांत बसला. मग खूण केली 'बरोबर'वर. खोटं नव्हतं ते. माझ्या हातून जाताना दार बरोबरच असायचं. पण ठोकून वाकवलेला पत्रा वर्षभराने आपल्या जागी परत जातो, आणि तेव्हा तो माझ्यासमोर नसतो. तो असतो शिवणवाल्या बाईंच्या दारात.

मला वाटायचं, मी कंपनीची लाज राखतेय. साचे झिजले हे कुणाला कळू दिलं नाही, ते मी. तुझ्या हिशोबवाल्या साहेबाच्या तोंडी घास भरवला तो मी. समोरच्या कंपनीकडे असा हातगुण असलेली बाई नसणार, म्हणून त्यांचा साचा झिजल्याबरोबर त्यांना कळलं असेल. माझ्या अंगाची नुसती लाही लाही होतेय, आणि राग स्वतःचाच येतोय. पण असा राग घेऊन रडत बसणाऱ्यांतली मी नाही, हेही तुला माहीत आहे.

आत्या


१६ मार्च

आत्या,

पत्र तीनदा वाचलं. तुझा दोष नाही. कागदावर दोनच रकाने ठेवणाऱ्यांचा आहे.

पण हात जोडून सांगतो, हे कुणाला बोलू नकोस. तू उघडपणे सांगितलंस की हे लोक पहिलं तुझ्यावर शेकवतील. अकरा वर्षं माहिती लपवली म्हणतील. तुझी अडीच वर्षं राहिलीत. तेवढी सुखाने काढ. मी दुसरी वाट शोधतो. ओळखीच्या एकाकडून साचे गुपचूप मोजून घेता येतात का बघतो.

आणखी एक. २५ तारखेला मोठे साहेब आणि सगळे संचालक तुमच्या कारखान्यात येतायत. ठमीच्या चौथ्या नाकाची घोषणा तिथेच करायची ठरतेय. आणि तुझा सत्कार आहे. 'अकरा वर्षे, शून्य दोष' असं पितळेच्या पाटीवर कोरून घेतलंय. पाटी माझ्याच टेबलावरून पुढे गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निमूटपणे घे आणि घरी ये. माझ्यासाठी एवढं कर.

शेपूट


१९ मार्च

प्रिय शेपूट,

बरं. सत्काराला उभी राहते. पाटी पुसायला पितांबरी आणून ठेवलीय. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस, वेळेवर जेवत जा.

१२ तारखेचं माझं पत्र जाळून टाक. नक्की.

आत्या


२७ मार्च

प्रिय शेपूट,

तुला वर्दी लागलीच असेल, पण लोक तिखटमीठ लावतात. जे झालं ते माझ्याकडून ऐक.

२५ला सकाळी शिफ्ट सुरू झाली आणि मी हातोडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. माझ्या सहा जणींना आदल्या दिवशीच बजावलं होतं, "तुम्ही तुमचं नेहमीसारखं करा. हे माझं एकटीचं आहे." चार जणींनी ऐकलं नाही. त्यांच्याही पेट्या खाड खाड मिटल्या. उरलेल्या दोघी ठोकत राहिल्या. त्यांच्या घरच्या अडचणी मला माहीत आहेत, माझा त्यांच्यावर काडीचा राग नाही.

दारं साच्यातून आली तशी चढवली. चार बोल्ट आवळले, सोडलं. कागदावर 'दोष'. दुसरी गाडी, 'दोष'. तिसरी, 'दोष'. घड्याळ धावत आला, चेहरा पांढराफटक. "बाई, आज? आजच्या दिवशी?" मी म्हटलं, "आजच. रोज तुम्हाला वेळ नसतो." दोषवर खूण असली की लाइन थांबवायची असते, पण पाहुणे यायच्या वेळी लाइन थांबवायची हिंमत त्याच्यात नव्हती. त्याने गाड्या तशाच पुढे सोडल्या.

अकराला मोठे साहेब आले. मागे तुझे हिशोबवाले साहेब, फोटोवाला, पितळी पाटी. मोठ्या साहेबांनी लाइनच्या शेवटची तयार गाडी बघितली, कौतुकाने मागचं डावं दार उघडलं आणि लावलं. दार परत आलं. पुन्हा लावलं, पुन्हा आलं. तिसऱ्यांदा जोरात आपटलं तेव्हा लागलं, पण कोपरा असा बाहेर की त्यात बोट जावं. पलीकडे पाण्याची चाचणी चालली होती. तिथल्या गाडीतून पाणी मागच्या सीटवरून खाली गळत होतं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मी पुढे झाले. म्हटलं, "साहेब, ही तुमची गाडी. कालपर्यंत तुम्हाला दिसायची ती माझी होती. अकरा वर्षं मी ती ठोकून सरळ करत आले. चूक केली. साचे मोजा."

हिशोबवाले साहेब म्हणाले, "हे घातपाताचं काम आहे." मी पेटी उघडली, हातोडी काढली, त्यांच्या हातात दिली. "मग तुम्ही बसवा एक. आम्ही बघतो." त्यांनी ती विंचू धरावा तशी धरली. मोठे साहेब उभे राहून कोपऱ्यात बोट घालून बघत राहिले.

घोषणा झाली नाही. सत्कारही नाही. दुपारी मला आणि त्या चौघींना फाटकाबाहेर काढलं, चौकशी होईपर्यंत. पाटी तिथेच टेबलावर राहिली, फुकटचं पितळ गेलं. मी मजेत आहे. शिवणवाल्या बाई दोन वेळचा डबा देऊन जातात आणि कुठे निघाल्या की त्या निळ्या गाडीचं दार उगीच हळू लावतात.

आत्या


९ एप्रिल

आत्या,

पत्र जाळलं नाही. सहा वर्षांचा असल्यापासून तुझ्या मागे शेपटासारखा फिरलो, पण तुझं हे एक ऐकलं नाही.

काल चौकशी समितीसमोर गेलो. ते म्हणत होते की बाईने हे सगळं ऐन वेळी रचलं, साच्यांचं निमित्त काढलं. मी तुझी सगळी पत्रं टेबलावर ठेवली. त्यात १२ मार्चचं, आणि सोबत माझ्या त्या पत्राची काढून ठेवलेली झेरॉक्स, ज्यात मी तुला गप्प बस म्हणालो होतो. समितीतल्या एकाने मला विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही लपवायला सांगितलंत?" मी म्हटलं, "हो. खाली माझी सही आहे."

मला सुट्या भागांच्या गोदामात टाकलंय. खिडकी नाही. समोरच्यांची जाहिरात तरी बघायला लागत नाही.

साचे मोजायचा हुकूम निघाला, आत्या.

शेपूट


२ मे

अरे गाढवा,

जाळ म्हटलं होतं ना? डोक्यावर पडलायस का तू? पत्र वाचून आधी तुला मनसोक्त शिव्या दिल्या, मग रडले, मग शिवणवाल्या बाईंना वाचून दाखवलं, त्याही रडल्या. तुझ्या बापाला फोन करून सांगितलं की तुझा मुलगा माझ्यावर गेलाय. तो म्हणाला, "मला तीच भीती होती."

माझी चौकशी झाली. तीन जण, दोन आरोप. एक, अकरा वर्षं ठोकलं. दोन, एक दिवस ठोकलं नाही. मी म्हटलं, "दोन्ही कबूल. पण एकाच बाईवर दोन्ही कसे लावता, ते आधी आपापसांत ठरवून घ्या." एकाला हसू आवरेना, त्याने पाणी प्यायचं नाटक केलं.

आता गंमत ऐक. मी घरी बसल्यापासून दारं बसेनात. नवे साचे यायला वेळ आहे, तोवर ठोकावंच लागणार, आणि माझ्या चौघीही माझ्यासोबत बाहेर. पाचव्या आठवड्यात घड्याळ स्वतः घरी आला. पहिल्यांदाच मनगटाकडे न बघता बोलला. म्हणाला, "ताकीद देऊन परत घेतायत, चला." मी म्हटलं, "ताकीद खुशाल द्या. चौघींना माझ्याआधी आत घ्या. आणि कागदावर तिसरा रकाना छापून आणा. 'ठोकून बरोबर केलं.' मी जे करते ते मला लिहिता आलं पाहिजे. नाहीतर मी इथे बसून बाईंच्या ब्लाउजांना हुक लावीन." तो म्हणाला, छापखान्यातून यायला महिना लागेल. म्हटलं, मग पेनाने आखा, रेघ मारायला काय लागतं?

सोमवारी हाताने आखलेले कागद आले. मीही गेले.

आत्या


३० जून

आत्या,

गोदामातही बातम्या येतात. मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत तुमच्या लाइनवर एकूण एक दाराची खूण तिसऱ्या रकान्यात आली. हिशोबवाल्या साहेबांनी तो तक्ता उलटा धरून बघितला म्हणतात. साचे मोजले, कड अडीच मिलिमीटर गेलेली. करंगळीच्या नखाने सांगितलं होतंस तेवढीच.

दारांचे साचे कसेही करून नवे करायचेच आहेत, मग ते जुन्या दाराचेच कशाला? ठमीचं चौथं नाक रद्द. नवी गाडी मंजूर. आराखडा मी केलेला तोच आहे, वर नाव दुसऱ्याचं आहे. असू दे. कारखाना तुमचा.

शेपूट


११ एप्रिल, दोन वर्षांनी

प्रिय शेपूट,

आज नव्या गाडीचा तिसरा दिवस.

पहिल्या दिवशीचं आधी सांगते. दार चढवलं, चार बोल्ट, सवयीने गुडघा लावला, खांदा लावला, हातोडी उचलली, आणि मारायला जागाच नव्हती. नख फिरवलं. वरपासून खालपर्यंत एकसारखं. तेरा वर्षं कमावलेला हात हवेतच राहिला. माझ्या सहा जणींतली ती चष्मा लावणारी धाकटी म्हणाली, "बाई, आता आपल्याला काय काम?" मी म्हटलं, "लाज राखायचं काम संपलं. बघायचं काम आता सुरू."

ते आज सुरू झालं. सकाळी सत्ताविसाव्या गाडीचं दार किंचित अडलं. केसभर. तुला दिसलंही नसतं. खालच्या बिजागरीपाशी मी एक टोला मारला, एकच, आणि दार झकास बसलं. मग पेन उचललं.

घड्याळ शेजारीच उभा होता. दुपारी मोठे साहेब फोटो काढायला येणार होते. खाली वाकून कुजबुजला, "बाई, तिसऱ्या रकान्यात खूण झाली की लाइन थांबते हा आता नियम आहे. पहिलाच आठवडा आहे. एक टोला तर मारलात. तुमचे चार महिने राहिलेत. टाका ना पहिल्या रकान्यात, काय बिघडतं?"

शेपटा, तुझी शपथ, क्षणभर हात थांबला. एकच टोला. तेव्हाही सुरुवात दोनच टोल्यांनी झाली होती, केसभर कोपऱ्यासाठी.

मी तिसऱ्या रकान्यात खूण केली. चांगली ठसठशीत, आणि खाली सही. लाइन थांबली. एवढ्या मोठ्या शेडमध्ये अचानक पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. म्हटलं, बघा, खुशाल बघा.

आणि मग पत्रे जिथे दाबतात त्या प्रेस शॉपकडून एक माणूस मोजपट्टी घेऊन पळत आला. धापा टाकत म्हणाला, "कुठे अडलं, बाई? दाखवा." इतकी वर्षं त्या दारापाशी उभी आहे मी, पण विचारायला कुणी पळत आलेलं आजवर बघितलं नव्हतं.

मी त्याचं बोट धरून बिजागरीवर ठेवलं.

तुझी,
आत्या